तुळशीच्या मधाचं राहिलेलं भांडण

विजूताई, तुम्ही फार शांत होतात म्हणे.

परवा तुमच्या टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे मला हे कळलं. इतकी वर्षं आपण नणंद-भावजय, पण कुणी मला कधी सांगितलंच नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला तुमचा फोटो आणि एकामागून एक माइककडे जाणारी माणसं. पहिल्या बाई म्हणाल्या, ‘विजयाताई म्हणजे अत्यंत शांत स्वभाव.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘कधी कुणाला उलट शब्द नाही.’ तिसऱ्या गृहस्थांनी हद्द केली. ते म्हणाले, ‘मी त्यांना वाद घालताना कधी पाहिलंच नाही.’ मी फोटोकडे बघितलं. फोटोत तुमची डावी भुवई जरा वर आहे. मी तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवला की ती तशीच वर जायची. मला वाटलं, आता तुम्ही हार बाजूला सारून विचारणार, ‘डोळे खंय ठेवलात हो?’

मी उठणार होते. माइक दिसल्यावर माझा हात आपोआप पुढे जातो, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या भावानं माझं मनगट घट्ट धरलं आणि कानात सांगितलं, ‘नीलम, आज नको.’ आज नको! मग कधी? भटजींनी सांगितलं, लग्न झालेली बहीण म्हणजे दुसऱ्या घरची, तुमच्याकडे सुतक आखूड. आपलं एवढं लांबलचक भांडण आणि सुतक एवढंसं. दोन-तीन दिवसांत सगळे जण गोडाधोडाला लागले आणि मी मात्र तोंडात अर्धं वाक्य धरून बसले. म्हणून हे लिहिते आहे. सभेत जे बोलायचं होतं ते इथे बोलते, आणि इथे माझं मनगट धरायला कुणी नाही.

तुम्ही शांत नव्हतात. तुम्ही कजाग होतात, हट्टी होतात, आणि आपलं भांडण संपलेलं नसताना मधूनच उठून गेलात. याला माझ्या माहेरी पळ काढणं म्हणतात. मला तुमच्याकडून दागिना नको होता, साडी नको होती. फक्त एक वाक्य हवं होतं. ‘नीलम, पानं सुकवायची असतात हे तुझं बरोबर होतं.’ बस. मान खाली घालून म्हटलं असतंत तरी चाललं असतं. भुवई वर ठेवून म्हटलं असतंत तरीही चाललं असतं.

लोकांना वाटेल, ही बाई कसल्या पानांबद्दल बोलते आहे. तर सांगते.

लग्न होऊन मी काळाचौकीला आले आणि पहिल्याच गणपतीत मंडळाच्या पोरांना शोध लागला की नवीन वहिनीचा आवाज खणखणीत आहे. झालं. हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल, पाककला स्पर्धेचे निकाल, आरतीच्या वेळा, सगळं माझ्या गळ्यात. अनंत चतुर्दशीपर्यंत त्या गळ्यातून फक्त हवा येत होती. दुसऱ्या दिवशी नायगावच्या तुमच्या चाळीतून तुम्ही आलात. हातात जॅमची धुतलेली बाटली, तिच्यात मध, आणि मधात तरंगणारी हिरवीगार तुळस, आल्याच्या चकत्या, ओव्याचं एक जाडजूड पान. ‘चमचाभर घे. गिळू नको हां, चाट.’ मी चाटलं. जिभेला बारीक मुंग्या आल्या. आंबट वास नाकात गेला. मी नवी होते, अक्कल कमी होती. मी उरल्यासुरल्या आवाजात म्हटलं, ‘ताई, हा आंबलाय.’

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. तुमच्या भावानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते या विषयात त्यानं पुढे वर्षानुवर्षं खाली आणलं नाही. आणि तुम्ही पदर खोचून, अगदी हळू आवाजात म्हणालात, ‘आंबाक नाय तो. जिवंत आसा.’

आंबलेला नाही, जिवंत आहे! वर माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच अर्धमेली होते.

मग तुमचं शास्त्र मला ऐकावं लागलं. मध तुमच्या गावाहून, आंबोलीच्या बाजूनं यायचा, बाटलीला कापडाचं बूच लावून. तुळस तुमच्या गॅलरीतली, तेलाच्या चौकोनी डब्यात लावलेली. ती रविवारी तोडायची नाही, द्वादशीला तोडायची नाही, सूर्य कलल्यावर तर हातही लावायचा नाही. नख लावायचं नाही. आधी तिला विचारायचं. तोडली की धुवायची, पदरानं टिपायची आणि सुकायच्या आत मधात बुडवायची. का? तर सुकलेली तुळस म्हणजे निर्माल्य. ‘देवावरून उतरलेलं तू माणसांच्या पोटात घालणार? तुमच्या राजापुरात घालीत असतील.’

आमच्या राजापुरात घालतच होते! माझी आई तुळशीची पानं सावलीत सुकवायची. बोटांत घेतली की चुरचुर वाजली पाहिजेत. बरणी उन्हात तापवून कोरडी करायची, चमचा कोरडा, हात कोरडा. मधाला पाणी चालत नाही, आणि ओलं पान म्हणजे नुसतं पाणी. आईचा मध वर्ष-वर्ष टिकायचा, तुमचा पंधरवड्यात फेस काढायचा. हे मी तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, ‘फेस येतो म्हणजे औषध काम करता.’ मला राग आला की अजूनही हेच वाक्य आठवतं.

एका गोष्टीत मात्र आपलं एकमत होतं. मध चुलीवर चढवायचा नाही. कुणी मध गरम करताना दिसलं की आपण दोघी मिळून त्या माणसावर तुटून पडायचो. तेवढा वेळ तह.

आणि माझं निर्माल्य? ते विसरेन असं वाटलं का तुम्हाला? पुढच्याच वर्षी मी ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा करून दाखवू. दादरच्या फुलबाजारातून तुळशीच्या मोठ्या जुड्या आणल्या, निवडल्या, पुसल्या, आणि सुपात पसरून कपाटावर ठेवल्या. रोज हलवत होते. पानं आक्रसली, काळपट झाली, वाजायला लागली. उद्या मधात घालायची म्हणून मी सूप खाली काढून खाटेवर ठेवलं आणि नळावर गेले. परत आले तर सूप रिकामं. तुम्ही येऊन बसला होतात. ‘अगो, केवढं निर्माल्य साठवलंस घरात! मी टाकून आलंय मांडवातल्या कलशात.’

मी धावत मांडवात गेले. निर्माल्य कलशाच्या भोवती दोन कार्यकर्ते उभे होते. मी आत हात घातला तर एक जण ओरडला, ‘वहिनी, त्यातलं परत नाय घ्यायचं, पाप लागतं!’ माझी पानं झेंडूच्या आणि दूर्वांच्या खाली ओली होऊन पडली होती. मी रिकाम्या हातानं घरी आले. तुम्ही माझ्याच हातचा चहा पीत होतात आणि म्हणालात, ‘चूक झाली गो. माका काय म्हाईत, तू निर्माल्याचा मध करतंस.’ चूक! तुम्ही आयुष्यभर शपथेवर सांगितलंत की चूक होती. मी आयुष्यभर मानलं नाही. हे भांडणही उघडंच राहिलं, ते वेगळं.

तुमच्या ओल्या पानांचा निकाल खरं तर एकदा लागला होता, तोही भर बैठकीत. तुमच्या स्वप्नाला बघायला मंडळी आली होती. मे महिना, नायगावची ती खोली, पंखा गरम हवा ढवळतोय, मुलाकडचे सात-आठ जण दाटीवाटीनं बसलेले. कपाटावर तुमची मधाची बरणी. मुलाचे काका नुकतेच म्हणाले होते, ‘घर छान शांत आहे.’ आणि बरणीनं उत्तर दिलं. फट्! झाकण पंख्याला लागून मुलाच्या आईच्या ओटीत, आणि मधाची लांब धार काकांच्या टकलावर. तुळशीचं एक पान त्यांच्या कपाळावर नेमकं मधोमध चिकटलं.  मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. मुलाची आई झाकण हातात धरून म्हणाली, ‘अहो, हे काय?’

तुम्ही जागच्या हलला नाहीत. म्हणालात, ‘शुभशकुन. आमच्याकडे तुळस आपणहून अंगावर येणं फार चांगलं मानतात.’

फार चांगलं मानतात! कुणाकडे? कधीपासून? पण काकांनी हात जोडले. कपाळावरचं पान त्यांनी काढलं आणि खिशात ठेवलं. लग्न जमलं. स्वप्नाच्या सासरी अजूनही ही कथा भक्तिभावानं सांगतात, आणि मी दर वेळी ताटाकडे बघत जेवते. मंडळी जिन्यावरून उतरताच तुम्ही वळून मला म्हणालात, ‘झाकण तूच घट्ट लावलं असशील.’ मी त्या झाकणाला हातसुद्धा लावला नव्हता! तुमच्या भावाला साक्षीला बोलावलं. पेपर वरच.

त्यानंतर तुमच्या मधात एक बदल झाला, तो मी तेव्हाच पाहिला होता पण त्याचा अर्थ लावला नाही. पूर्वी तुम्ही पानांसकट बाटली द्यायचात. नंतर गाळून द्यायला लागलात. स्वच्छ, सोनेरी, बाटलीत एक काडी नाही. मला वाटलं, आता वहिनीचे लाड चालले आहेत. बरणीवर तुम्ही जुन्या ब्लाउजपीसचा झगाच शिवला होता, गळ्याशी नाडी बांधलेला. ‘उजेड लागता कामा नये.’ मी त्या झग्याची खूप टिंगल केली. म्हटलं, पुढच्या वर्षी तिला बांगड्या भरा.

आणि दर वर्षीचा आपला तो प्रवेश! गणपती आठवड्यावर आले की तुम्ही बाटली घेऊन दारात. तुम्ही चपला काढायच्याही आधी मी तुमच्या हातातून ती घ्यायचे, बोट बुडवायचे, जीभ टाळ्याला लावून टॉक् आवाज काढायचे आणि मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, ‘आंबलाय.’ तुम्ही तितक्याच मोठ्यानं, ‘आंबाक नाय तो. जिवंत आसा.’ शेजारच्या दारांतून हसू यायचं. मग चहा. मग मी तोच मध रोज चाटून मांडवात माइकवर उभी राहायचे, आणि विसर्जनापर्यंत आवाज टिकायचा. लोक म्हणायचे, वहिनी, गळ्याला काय लावता? मी म्हणायचे, आंबलेला मध.

त्या एका वर्षाबद्दल मात्र सांगायला हवं. तेव्हा आवाज टिकला नव्हता. घसा सुजला आणि डॉक्टरनं सांगितलं, आता बोलणं बंद, कुजबुजही नाही. मला, विजूताई! चाळीत लोकांना आधी वाटलं मी रुसले आहे. मी पोराच्या जुन्या पाटीवर लिहून भाजी मागवत होते. आणि तुम्ही रोज दुपारी नायगावहून बस पकडून यायचात, माझ्यासमोर बसायचात आणि भांडायचात. एकट्याच. दोन्ही बाजूंनी.

आधी माझं सोंग. मान माझ्यासारखी तिरकी, हात माझ्यासारखा वर, आवाज नाकातून. ‘ताई, पाणी! पाणी म्हणजे मधाचा वैरी! आमच्या राजापुरात नं, ताई...’ मग बाजू बदलून तुमचा स्वतःचा आवाज, एकदम धीरगंभीर, जणू हायकोर्टात उभ्या आहात. ‘नीलम, पान ओलं असतं म्हणजे त्यात जीव असतो.’ मी संतापून पाटीवर लिहिलं, ‘मी नाकातून बोलत नाही.’ तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि सासूबाईंना सांगितलंत, ‘बघा, लिहून दिलान. हरली म्हणता.’

रोज मला हरवून, चहा पिऊन, तुम्ही संध्याकाळच्या बसनं परत जायचात. एवढ्या उन्हात, गुडघ्यांना पट्टे बांधून. माझ्या तोंडात तुम्ही जी वाक्यं घातलीत त्यातलं एकही धड नव्हतं. मी याहून किती तरी चांगली भांडते. पण त्या दिवसांत घरात सगळे माझ्याशी दबक्या आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. तुम्ही एकट्याच माझ्याकडून भांडत होतात. हे तेव्हा म्हणायला आवाज नव्हता. आवाज आल्यावर म्हणायला पाहिजे होतं, तर पहिलंच वाक्य तोंडातून निघालं, ‘मी नाकातून बोलत नाही.’

मग तुमची चाळ गेली आणि टॉवर आला. सगळे खूश, स्वतंत्र संडास, लिफ्ट. तुम्हाला सोसायटीचं पत्रक मिळालं की खिडकीबाहेर कुंड्या ठेवायच्या नाहीत. मला वाटलं आता तुमची तुळस हरणार. पण तुम्ही ती ओट्यालगतच्या खिडकीच्या आत आणलीत आणि सेक्रेटरीला ऐकवलंत, ‘तुमच्या कागदात बाहेर लिवलाहा. ही आत आसा.’ ती वाढलीही. मी शेवटची आले तेव्हा ओट्यापर्यंत हिरवी फुलून आली होती.

त्या दिवशी तुम्ही पलंगावर होतात. इतक्या बारीक झाला होतात की मला ओरडायचा धीर होईना, आणि माझं गप्प राहणं बघून तुम्हाला राग आला. ‘काय झाला? घसो बसलो?’ मी उठून ओट्याकडे गेले. बरणी तिथेच, झगा घालून. मी नाडीला हात लावला तर आतून आवाज, ‘हात लाव नको! मुरता हा अजून.’ मी म्हटलं, ‘बघू तरी द्या, फेस किती आलाय.’ तुम्ही म्हणालात, ‘गणपतीच्या आधी काय ता बघ.’ मी म्हटलं, ‘आंबलाच असणार.’ तुम्ही हसलात, आणि जिवंत आसा म्हणण्याऐवजी डोळे मिटलेत. मला वाटलं, दमलात.

तुम्ही गेल्यावर घरातलं सामान आवरताना ती बरणी कपाटातल्या भांड्यांबरोबर खाली आली. तुमचे एक दीर म्हणाले, ‘आजारी माणसाच्या घरातलं आहे, टाकून द्या.’ दुसऱ्या बाईंनी सुचवलं, ‘तेराव्याला चमचा-चमचा सगळ्यांना द्या, आठवण म्हणून.’ शांत स्वभावाच्या बाईची गोड आठवण! मी पुढे होणार एवढ्यात स्वप्नानं बरणी उचलली आणि माझ्या हातात दिली. ‘मामी, ही तुझी. आईनं सांगून ठेवलंय. म्हणाली, तू गाळू नको, मामीलाच गाळू दे.’

मी ती बरणी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणली. तुमचा भाऊ शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता. एरवी पेपर असतो, त्या दिवशी नव्हता.

घरी आल्यावर मी मलमलचं फडकं काढलं, पातेलं पुसून कोरडं केलं, आणि झग्याची नाडी सोडली. झाकण उघडताना तोंड बाजूला केलं, फट् होईल म्हणून. काहीच झालं नाही. फुस्ससुद्धा नाही. वास घेतला. तुळशीचा, आल्याचा, मधाचा. आंबट नाही. बरणी फडक्यावर उपडी केली. मध हळूहळू खाली गेला आणि फडक्यात पानं राहिली. बारीक, काळपट, आक्रसलेली. आल्याच्या चकत्या वाळून नखाएवढ्या झालेल्या.

सुकवलेली पानं, विजूताई!

मधानं माखलेले हात तसेच ठेवून, कोपरानं फोन लावला. ‘स्वप्ना, यंदा तुझ्या आईनं पानं सुकवली होती?’

 मग ती म्हणाली, ‘मामी, तू चिडणार नाहीस ना?’

‘मी आधीच चिडलेली आहे. बोल.’

‘यंदाच नाही गं. दर वर्षी. माझ्या बघण्याच्या वेळी झाकण उडालं ना, त्यानंतर आईनं ओली पानं घातलीच नाहीत. मीच पसरून द्यायचे, पेपरवर, पलंगाखाली. तुझी चाहूल लागली की पेपर ढकलून चादर खाली सोडायची. म्हणाली होती, मामीक सांगितलंस तर बघ.’

‘मग ती गाळून का द्यायची?’

‘पानं दिसली असती ना तुला.’

मी फोन ठेवला. ठेवला कसला, मधानं हाताला चिकटला होता, तो तसाच घेऊन खाली बसले.

म्हणजे इतकी वर्षं मी जिंकलेली होते आणि मला कुणी कळवलं नाही! इतकी वर्षं मी दारात उभी राहून, माझ्याच आईच्या पद्धतीनं केलेला, एक थेंब न बिघडलेला मध चाटत होते, आणि अख्ख्या मजल्याला ओरडून सांगत होते की आंबलाय. आणि माझ्या जिभेला तो खरंच आंबट लागायचा! मुंग्यासुद्धा यायच्या. तुम्ही समोर उभ्या राहून ते ऐकत होतात. पोटात हसत होतात. एवढ्या वर्षांत एकदाही ओठ हलू दिला नाहीत. मला नाटकी म्हणणाऱ्या लोकांनी तुम्हाला बघायला हवं होतं.

याला काय म्हणायचं? हार मानलीत ती पलंगाखाली, वर्तमानपत्रावर. माफी मागितलीत ती बरणीत भरून, वर झगा घालून. आणि उघडायला लावलीत कधी, तर मी उलटून एक शब्दही ऐकवू शकणार नाही तेव्हा. हे सांगणं झालं का? मला ते वाक्य हवं होतं, विजूताई, भुवईसकट. मी उठून नाचले असते. पेढे वाटले असते. मांडवातून जाहीर केलं असतं, हरवलेल्या पोराच्या आणि सापडलेल्या चपलेच्या मधोमध.

तुम्हाला हेच ठाऊक होतं, नाही का? जाहीर केलं असतं, पेढे वाटले असते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही दारात आला असतात तर मी नुसतं ‘या, बसा’ म्हटलं असतं.

जाऊ दे. चिडले आहे ती चिडलेलीच राहणार. तुमचा मध बाटलीत भरून ठेवला आहे. अप्रतिम झाला आहे. हे माझ्या तोंडून तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय, ते ऐकायलाही थांबला नाहीत.

काल सकाळी मंडळाची पोरं विचारायला आली, वहिनी, यंदा माइकवर उभ्या राहणार ना, का नको? मी म्हटलं, बघते. ती गेली आणि मी पिशवी घेऊन दादरला गेले. वार बघून गेले, रविवार नव्हता. फुलबाजारातल्या बाईकडून तुळशीची ताजी जुडी घेतली. तिलाही विचारून घेतलं, तुळशीला म्हणते मी, त्या बाईला नाही. लोक बघत होते. घरी आणून धुतली. पदरानं टिपली, फार नाही. बरणीत नवा मध ओतला आणि पानं हिरवीगार असतानाच त्यात बुडवली. वर आल्याच्या रसरशीत चकत्या. झाकण सैल ठेवलं.

तुम्ही माझ्यासाठी नाकातून का होईना बोललात. मग तुमची बाजू आता अशीच ओस पडू द्यायची?

तुमचा भाऊ दारातून बघत होता. हातातला पेपर त्यानं घडी करून खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओट्यापाशी आला, बरणी उजेडात धरली, आणि जरा चाचरत म्हणाला, ‘अगं, पानं ओली आहेत ही. पाणी आहे त्यात. चार दिवसांत आंबेल.’

मी पदर खोचला.

‘आंबाचो नाय,’ मी म्हटलं, ‘जिवंत आसा तो.’